तारेचे वेष्टण आणि कोंकणचा किनारा
(फिनोलेक्स उद्योगसमूहाचा रत्नागिरीशी जडलेला इतिहास)

विजेच्या तारेचा गुण तिच्या तांब्यात असतो अशी सामान्य समजूत असली तरी, ज्याच्या घराच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती मृगापासून हस्तापर्यंत ओल सोडीत नाहीत, त्या कोंकणी गृहस्थास तिचा निम्मा गुण तिच्या वेष्टणात असतो हे कोणी निराळे शिकवावे लागत नाही. आमच्या लहानपणी ज्या घरांनी प्रथम वीज घेतली, त्या घरांत रबराचे अस्तर आणि त्यावर सुताची वीण असलेल्या तारा सागवानी पट्टीवर क्लिपांनी ठोकून माजघरापासून पडवीपर्यंत नेलेल्या असत. खाऱ्या वाऱ्याने ते रबर काही वर्षांत कडक होऊन त्यास तडे जात, सुताची वीण कुजे, आणि आषाढातल्या एखाद्या सायंकाळी बटणास हात लावताच असा झटका बसे की, घरातील वडीलधारी मंडळी मुलांना लाकडी पाटावर उभे राहूनच दिवा लावण्याची सक्त ताकीद देत. तो पाट आता देवघराबाहेर येत नाही, कारण तारेचे वेष्टण बदलले. आणि ते वेष्टण ज्या पांढऱ्या भुकटीपासून बनते, ती भुकटी गेल्या काही दशकांत आमच्याच किनाऱ्यावर, पावसच्या वाटेवरील रनपार येथे, तयार होऊ लागली. या स्मरणिकेच्या निमित्ताने फिनोलेक्स या संस्थेचा वृत्तान्त लिहावयास बसलो असता, तो या वेष्टणाच्या बाजूने सांगावा हेच मला सर्वांत यथार्थ वाटते.

या संस्थेचे आद्य प्रवर्तक कै. प्रल्हाद परसराम छाब्रिया यांचा जन्म १२ मार्च १९३० रोजी कराचीस झाला. बालपणीच पितृछत्र हरपले, घरचे वैभव ओसरले, शिक्षण अर्धवट राहिले, आणि ज्या वयात मुले इंग्रजी शाळेचे वर्ग चढत असतात त्या वयात हा मुलगा पेढीवर पडेल ते काम करून चार पैसे मिळवू लागला. १९४५ साली तो पुण्यास आला तो पोटाच्या पाठीमागे. पदरी भांडवल नाही, हाती पदवी नाही, आणि मुलुखही परका. पुढे दोनच वर्षांनी फाळणी होऊन सिंध देशाला कायमचा अंतरला, तेव्हा परत जावयाचा मार्गही राहिला नाही. पुणे हेच मग घर झाले. बंधू किशनदास यांच्या साहाय्याने त्यांनी विजेच्या सामानाचा व तारांचा किरकोळ व्यापार मांडला, आणि संरक्षण खात्याकडून मोटारगाड्या व रणगाडे यांस लागणाऱ्या तारांच्या जुडग्यांची मागणी आली, तेव्हा दुसऱ्याने केलेला माल विकण्यापेक्षा तो आपणच का करू नये, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. १९५८ साली पुण्यात एक लहानसा कारखाना सुरू झाला, तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून. मोटारींस लागणाऱ्या पीव्हीसी वेष्टणाच्या तारा हा त्याचा पहिला माल होय.

या एका प्रश्नात संस्थेच्या पुढील साठ वर्षांचा इतिहास बीजरूपाने साठविलेला आहे, असे मी म्हणेन. ज्या वस्तूची वाण भासली, तिच्या मुळाशी जाऊन ती स्वतः निर्माण करावयाची, आणि ती निर्माण करू लागताच तिच्याही मुळाशी असलेली पुढची वाण ओळखावयाची, अशी ही उलट्या दिशेची, मुखाकडून उगमाकडे जाणारी यात्रा आहे. व तिच्या वाटेवर रत्नागिरीचा मुक्काम अटळपणे येणार होता.

तार कशी होते हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. तांब्याची जाड सळई एकापेक्षा एक अरुंद छिद्रांच्या साच्यांतून ओढीत ओढीत केसाएवढी बारीक करतात. असे अनेक बारीक धागे एकत्र पिळून त्यांची एक लवचिक वाहक तार होते. आणि मग ती तार एका तप्त यंत्राच्या मुखातून धावू लागते, जेथे मळसूत्राने दाबलेले, मधासारखे घट्ट झालेले पीव्हीसी तिच्या सर्वांगावर सारख्या जाडीने चढते. तेथून ती थेट पाण्याच्या लांब पन्हळीत शिरते, निवते, आणि रिळावर गुंडाळली जाण्यापूर्वी तिला एक परीक्षा द्यावी लागते : काही हजार व्होल्ट भारित केलेल्या बारीक साखळ्यांच्या पडद्यातून ती जाते, व वेष्टणास सुईच्या अग्राएवढे जरी छिद्र असले तरी ठिणगी उडून यंत्र तक्रार नोंदविते. या परीक्षेत तांब्याकडे कोणी पाहत नाही. जी काही कसोटी लागते ती वेष्टणाची.

१९६७ साली या उद्योगास मर्यादित कंपनीचे स्वरूप आले. चिंचवड-पिंपरीच्या परिसरात आणि पुढे मावळातील उर्से येथे तिचा विस्तार झाला, गोव्यातही कारखाने निघाले, आणि घरगुती तारांबरोबरच टेलिफोनच्या केबलींचे उत्पादन होऊ लागले. १९८१ साली फिनोलेक्स इंडस्ट्रीज ही दुसरी कंपनी स्थापन झाली, ती शेतीसाठी लागणारे पीव्हीसीचे नळ करण्याकरिता. विहिरीवरून मळ्यापर्यंत पाणी नेण्यासाठी पाटाचे पाणी मातीत मुरवून घालविणाऱ्या शेतकऱ्यास या नळांनी किती दिलासा दिला, हे महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागांत हिंडणाऱ्यास सांगावयास नको. परंतु तारेवरील वेष्टण आणि शेतातील नळ या दोन्ही वस्तूंचा मूळ पदार्थ एकच. आणि तोच पदार्थ जर परदेशातून येणाऱ्या मालाच्या भावावर व परवान्यांच्या कृपेवर अवलंबून राहिला, तर दोन्ही कारखान्यांची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस राहते. ही वाण दूर करावयाची तर पीव्हीसीची भुकटीच स्वतः केली पाहिजे, हा निश्चय येथे झाला. आणि येथूनच आमच्या जिल्ह्याचा या इतिहासात प्रवेश होतो.

पीव्हीसी करावयास दोन द्रव्ये लागतात. एक इथिलीन, जे खनिज तेलापासून वा वायूपासून निघते. दुसरे क्लोरीन, जे मूळचे मिठातले. शंभर तोळे शुद्ध पीव्हीसी घेतले तर त्यांपैकी सुमारे सत्तावन्न तोळे वजन या क्लोरीनचेच भरते, म्हणजे आपल्या भिंतीतील तारेच्या वेष्टणातले पीव्हीसी निम्म्याहून अधिक मिठाचे ऋणी आहे, ही गोष्ट मिठागरांच्या या किनाऱ्यावरील वाचकास विशेष कौतुकाची वाटेल. इथिलीन हा वायू द्रवरूपात आणावयाचा तर तो शून्याखाली सुमारे १०४ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो, आणि अशा शीत द्रवाची ने-आण जहाजानेच सोयीची. ज्या ठिकाणी समुद्र किनाऱ्याजवळच पुरेसा खोल आहे, आणि किनाऱ्यालगत कारखान्यास पुरेल इतका कातळ मोकळा आहे, असे ठिकाण रनपारच्या उपसागरापाशी सापडले. जर्मनीतील उडे या अभियांत्रिकी संस्थेच्या तांत्रिक सहकार्याने येथील प्रकल्प उभा राहिला व १९९४ साली उत्पादन सुरू झाले. जहाजे लागावीत म्हणून कंपनीने खुल्या समुद्रात स्वतःचा धक्का बांधला. पावसहून येताना घाटीच्या वळणावर क्षितिजाशी उभे असलेले जहाज आणि किनाऱ्यावरील शुभ्र टाक्या एकदम दृष्टीस पडतात, तेव्हा स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरूही क्षणभर थबकतो.

टाक्यांच्या आत जे घडते ते मात्र दृष्टीस पडत नाही. इथिलीन आणि क्लोरीन यांच्या संयोगातून झालेला द्रव सुमारे पाचशे अंश उष्णतेच्या भट्टीतून नेला की त्याचे विघटन होऊन व्हिनिल क्लोराइड हा वायू निघतो; तो दाबाखाली द्रवरूप करून, बंद पात्रात पाण्याबरोबर घुसळला असता त्याचे सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून न जाता जेथल्या तेथे घनरूप होत जातात; आणि अखेरीस पाणी निथळून, वाळवून, जी भुकटी हाती येते ती तांदळाच्या पिठीसारखी शुभ्र, कोरडी व गंधहीन असते. ती चिमटीत धरली तर तिच्यापासून विजेला अडविणारे कवच होईल यावर विश्वास बसत नाही. आज या कारखान्याची वार्षिक उत्पादनक्षमता अडीच लाख टनांहून अधिक आहे, आणि नळांचे उत्पादनही रत्नागिरीत होते.

या कारखान्याचे स्वागत केवळ तोरणे बांधून झाले असे लिहिणे इतिहासास धरून होणार नाही. ज्या सुमारास हा प्रकल्प उभा राहत होता, त्याच सुमारास, तांबे वितळविण्याचा दुसरा एक मोठा कारखाना जनतेच्या प्रखर आंदोलनामुळे रत्नागिरीतून माघारी गेला होता. आंब्याच्या मोहोरावर धूर बसेल काय, खाडीतील मासळी हटेल काय, विहिरींचे पाणी पूर्वीसारखे राहील काय, हे प्रश्न विचारणारे बागायतदार व दर्यावर्दी हे प्रगतीचे वैरी होते असे मी मानीत नाही. ज्याचे वर्षाचे उत्पन्न दोन महिन्यांच्या आंब्यावर आणि आठ महिन्यांच्या मासेमारीवर उभे आहे, त्याने असे प्रश्न विचारावयाचे नाहीत तर कोणी? उलट, या जागरूकतेने किनाऱ्यावरील प्रत्येक उद्योगास आपल्या सांडपाण्याचा व धुराचा हिशेब लोकांसमोर मांडण्याचे बंधन घातले, आणि तो हिशेब मागण्याची सवय जोपर्यंत आम्हांस आहे तोपर्यंतच कारखाना आणि कलमबाग एकाच कातळावर नांदू शकतील. विजेला जसे वेष्टण लागते तसे उद्योगालाही लागते, आणि ते लोकांच्या दक्षतेचे असते.

दुसऱ्या बाजूस, या जिल्ह्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची व्यथा, तिचाही येथे विचार केला पाहिजे. रत्नागिरीचा तरुण म्हणजे मुंबईचा चाकरमानी, आणि रत्नागिरीचे घर म्हणजे मनीऑर्डरीची वाट पाहणारा उंबरा, हे समीकरण गिरण्यांच्या काळापासून इतके रूढ झाले होते की, गणपतीस व शिमग्यास येणारा मुलगा बारा महिने घरी राहील ही कल्पनाच आईबापांच्या मनास शिवत नसे. कारखाना आला म्हणून मुंबईची वाट बंद झाली नाही. परंतु यंत्रशाळा, प्रयोगशाळा, गुदाम आणि वाहतूक यांतून घराजवळ पगार मिळू शकतो, हे लोकांना प्रत्यक्ष दिसले. दिसले तसे हेही दिसले की, अशा कारखान्यात वरच्या जागांवर बसावयास जी विद्या लागते ती शिकावयाची सोय जिल्ह्यात पुरेशी नाही. पुन्हा एक वाण उघडी पडली; आणि संस्थेच्या स्वभावानुसार तिचेही उत्तर मुळाशी जाऊन शोधले गेले. होप फाउंडेशन अँड रिसर्च सेंटर या न्यासाच्या विद्यमाने १९९६ साली मिरजोळे येथील औद्योगिक वसाहतीत फिनोलेक्स अकादमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी हे मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय सुरू झाले. ज्या पुरुषाचे स्वतःचे शिक्षण परिस्थितीने हिरावून घेतले, त्याने परक्या मुलुखातील मुलांसाठी अभियांत्रिकीचे दालन उघडावे, यात मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत हृद्य प्रसंग दिसतो.

आता तारेकडे पुन्हा वळू, कारण मध्यंतरी तिचे रूपच पालटले होते. तांब्याच्या तारेतून विजेच्या रूपाने जाणारा आवाज काचेच्या धाग्यातून प्रकाशाच्या रूपाने पाठविता येतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, आणि भारतात टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू वाहिनी १९७९ साली पुण्यातच कार्यान्वित झाली. ज्या शहरात फिनोलेक्सचा जन्म झाला तेथेच हा बदल प्रथम घडावा हा योग मोठा सूचक होता. टेलिफोनच्या तांब्याच्या केबली करणाऱ्या या संस्थेने कालांतराने प्रकाशतंतूंच्या केबलींचेही उत्पादन हाती घेतले. येथेही पुन्हा वेष्टणाचेच माहात्म्य : काचेचा तंतू ठिसूळ असल्याने त्यावर रेझिनचा पातळ लेप, त्याभोवती नळी, नळीत ओल रोखणारी जेली, मध्ये ताण सोसणारा कणा, आणि बाहेर काळे कवच, असे एकावर एक चिलखत चढविल्याशिवाय तो जमिनीत पुरता येत नाही.

अशी केबल तुटल्यावर जोडतात कशी, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. कारागीर प्रथम बाहेरचे कवच सोलतो, जेली कापडाने पुसून काढतो, तेव्हा आतून निळे, नारिंगी, हिरवे, तपकिरी असे रंगीत तंतू मोकळे होतात. रंगाचा लेप खरवडला की उरते ती निव्वळ काच, १२५ मायक्रॉन जाडीची. आणि तिच्यातील ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो अवघा नऊ मायक्रॉनांच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश. हिऱ्यासारख्या कठीण पात्याने टोक काटकोनात छेदून, दोन्ही टोके एका पेटीएवढ्या यंत्रात समोरासमोर ठेवली की, पडद्यावर ती दोन जाड दांड्यांसारखी मोठी होऊन दिसतात, हळूहळू एकमेकांकडे सरकतात, थबकतात, रेषेत येतात. एक निमिष विजेची ज्योत चमकते. आणि पाहतो तो सांधा कोठे होता हे डोळ्यांना शोधून सापडत नाही. कारागीर श्वास रोखून पडद्यावरील प्रकाशहानीचा आकडा वाचतो, व तो डेसिबलच्या काही शतांश भागांत असला म्हणजे समाधानाने पुढचा रंग हाती घेतो.

ही सांधायंत्रे बनविण्यात जपानचा हातखंडा आहे. फुजिकुरा, सुमितोमो आणि फुरुकावा या तिघांची नावे अशा यंत्रांवर आपल्या देशातील कारागीर नित्य वाचतात. त्यांपैकी फुजिकुरा या संस्थेचा आरंभ १८८५ साली टोकियोत, तांब्याच्या तारेवर रेशीम व सूत गुंडाळण्याच्या धंद्यापासून झाला, हे वाचून आमच्या माजघरातील सुती विणीची तार मला आठवली. पूर्वेकडील त्या बेटांवरही इतिहासाचा ओनामा वेष्टणापासूनच झाला होता. प्रकाशतंतूसाठी लागणारी काच बाष्पातून अक्षाच्या दिशेने वाढविण्याची पद्धती १९७७ साली जपानच्या तार-टेलिफोन महामंडळाने याच तीन संस्थांच्या सहकार्याने विकसित केली. सुमितोमोची मुळे तर त्याहूनही खोल आहेत. शिकोकू बेटावरील बेशी येथील तांब्याची खाण या घराण्याने १६९१ पासून चालविली. १८९७ साली तांबे लाटण्याचा कारखाना निघाला व १९११ साली त्यातून विजेच्या तारांचा स्वतंत्र कारखाना झाला. जपानचे तांबे त्या जुन्या काळी डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे नागासाकीहून उचलून सुरतेस व चोळमंडल किनाऱ्यावर आणून विकीत असत. आणि त्याच कंपनीची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास होती, जे वेंगुर्ले १९८१ पर्यंत आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते. तांब्याच्या व्यापाराने जोडलेला हा दर्या किती पुरातन आहे, याची ही एक खूण.

या जुन्या ओळखीस नवे रूप मिळाले ते २००८ साली. सुमितोमो इलेक्ट्रिक व हिताची केबल यांनी मिळून २००१ साली स्थापन केलेल्या जे-पॉवर सिस्टिम्स या जपानी कंपनीशी फिनोलेक्स केबल्स या समूहाच्या मूळ कंपनीने भागीदारी केली, आणि फिनोलेक्स जे-पॉवर सिस्टिम्स या नावाने सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे अतिउच्च दाबाच्या केबलींचा कारखाना काढला. घरातील तार २३० व्होल्टांची. या केबलींना ६६ हजार, १ लक्ष ३२ हजार, २ लक्ष २० हजार व्होल्ट आणि त्याहूनही अधिक दाब जमिनीखालून वाहून न्यावयाचा असतो. मुंबईसारख्या शहरात मनोरे उभारावयास जागा नाही, म्हणून हे सामर्थ्य रस्त्याखालून नेणे भाग पडते. येथे पीव्हीसीचे वेष्टण पुरत नाही. रेणूंची जाळी विणलेले, अतिशुद्ध पॉलिइथिलीन तांब्याभोवती बोटाएवढ्या जाडीने चढवावे लागते, आणि त्या जाडीत धुळीचा एक कण अथवा हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी विजेचा दाब नेमका तेथेच एकवटून, झाडाच्या मुळांप्रमाणे फाटे फोडीत, वेष्टण आतून पोखरीत जातो. पन्नास वर्षे तारा केलेल्या संस्थेलाही ही शुद्धता दुसऱ्याकडून शिकावीशी वाटली, यात मला कमीपणा दिसत नाही. जे आपणांस येत नाही ते मोकळ्या मनाने मान्य करून जाणत्याच्या पंगतीस बसणे हीसुद्धा मुळाशी जाण्याचीच एक रीत आहे. भागीदारी केलेली ती जपानी कंपनी पुढे पूर्णतः सुमितोमोच्या मालकीची झाली.

प्रल्हाद छाब्रिया यांचे देहावसान ५ मे २०१६ रोजी पुण्यास झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रास त्यांनी जे इंग्रजी नाव दिले त्याचा आशय असा की, स्वतःच्या बळावर घडलेला माणूस म्हणून काही नसतोच. आयुष्यभर मूळ शोधीत गेलेल्या माणसास अखेरीस आपल्याही मुळाशी इतरांचे हात दिसावेत, हे त्यांच्या स्वभावास साजेसेच होते. आणि त्या हातांत, धक्क्यावर जहाजाचा दोर झेलणाऱ्या रनपारच्या खलाशाचा, पात्राजवळ रात्रपाळी करणाऱ्या गोळपच्या तरुणाचा आणि मिरजोळ्याच्या वर्गात फळ्यावर मंडलाची आकृती काढणाऱ्या अध्यापकाचा हातही मोजावा, अशी माझी या स्मरणिकेच्या वाचकांस विनंती आहे.

संस्थेचा इतिहास लिहिताना अखेरीस आशीर्वचन लिहिण्याची वहिवाट आहे. त्याऐवजी मी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवितो. अतिउच्च दाबाच्या केबलीस लागणारे ते अतिशुद्ध पॉलिइथिलीन जगात अजून मोजक्याच ठिकाणी होते. प्रकाशतंतूंना सांधणारी ती पेटी अजून जपानी नावानेच ओळखली जाते. तारेपासून वेष्टणाकडे, वेष्टणापासून भुकटीकडे आणि भुकटीपासून विद्येकडे आलेली ही वाट येथे थांबलेली नाही. पुढची वाण समोर उभी आहे. वडीलधाऱ्यांनी पाटावर उभे राहून दिवा लावला, तुम्ही जमिनीवर उभे राहून लावता. त्या पाटापासून या जमिनीपर्यंतचे अंतर ज्यांनी कापले त्यांचे ऋण, पुढची वाण हेरून, तिच्या मुळाशी जाऊनच फेडावयाचे असते.